गोडी मागाहून येते



आमच्या चित्रकलेच्या सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात मी निसर्गचित्रणावर बोलावं, अशी संयोजकांची सूचना होती. वाईत त्या विषयाला तोटा नाही. मेणवलीचा घाट आहे, त्याच्या मागे नाना फडणवीसांचा वाडा आहे, पुराचं पाणी फाकावं म्हणून माशाच्या आकारात बांधलेली ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत आहे. पुण्या-मुंबईचे चित्रकार आणि कला महाविद्यालयांतली मुलं वर्षानुवर्षं इथे येऊन जलरंगात काम करत आली आहेत. कोणत्या पायरीवर बसलं की सकाळचं ऊन कसं दिसतं, हे त्यांतल्या कितीतरी जणांना सरांनी दाखवलं. तरीही मी विषय बदलून मागितला. सरांच्या घरच्यांनी त्याला संमती दिली, म्हणून आज बोलतो आहे.

मधली काही वर्षं सर चित्र काढत नव्हते. गावात कुणी म्हणायचं डोळ्यांचा त्रास आहे, कुणी म्हणायचं निवृत्तीनंतर माणूस असा होतोच. दोन्ही खरं नव्हतं. सरांना नैराश्याचा आजार होता आणि त्यावर उपचार चालू होते. त्यांच्या हयातीत ही गोष्ट घर आणि जवळची काही माणसं यांच्या बाहेर गेली नाही. आज काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आणि त्यांची मुलगी पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि ही गोष्ट सांगाच, असा आग्रह त्यांचाच आहे. त्यांच्या या धैर्याला मी सर्वांच्या वतीने नमस्कार करतो.

तेव्हा आजचा विषय असा: नैराश्यात माणसाचा छंद का सुटतो आणि तो परत कसा येतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘मनात आलं की करू’ असं म्हणत थांबलेल्या माणसाच्या मनात ते येतच नाही. हात आधी चालावा लागतो, गोडी मागाहून येते. पण तो हात एकट्याने, नुसत्या निश्चयाच्या बळावर चालत नाही. त्याला उपचार लागतात आणि सोबत लागते. यातला एकही भाग गाळला की उरलेला सल्ला निर्दय होतो.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारा, कोपऱ्यात बसलेला माणूस येतो. मानसोपचारशास्त्र या आजाराची दोन मुख्य लक्षणं मानतं. एक म्हणजे सततची उदासी. दुसरं म्हणजे ज्यात एरवी रस वाटायचा त्यातला रस जाणं. या दोहोंपैकी किमान एक आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा यांसारख्या इतर तक्रारी, असं सगळं निदान दोन आठवडे जवळजवळ रोज टिकून राहिलं की डॉक्टर या निदानाचा विचार करतात. उदासी लोकांना दिसते. रस जाणं दिसत नाही. सर रडत नव्हते. विजेचं बिल वेळेवर भरत होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली मुलं स्थिरचित्र घेऊन आली तर ते तपासूनही देत होते. फक्त स्वतःची वही उघडत नव्हते. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. तिच्यानुसार साधारण २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन जातं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण कृष्णाकाठी काही वेगळं असेल, असं समजायला काहीच आधार नाही. समोरच्या खुर्च्यांकडे पाहून हा हिशेब ज्याने त्याने मनात करावा.

छंद एका दिवसात जात नाही. सरांचा आधी मोठा कागद गेला. मग बाहेर बसून काम करणं गेलं, कारण ऊन फार होतं. मग घरातलं काम गेलं, कारण उजेड पुरत नव्हता. प्रत्येक पायरीवर एक पटण्यासारखं कारण होतं. हिरव्या आणि क्रिमझन रंगांच्या ट्यूब दगडासारख्या झाल्या, तेव्हा काकूंना पहिल्यांदा शंका आली. त्यानंतर आम्ही सगळे जे करायला लागलो, तेच अशा वेळी सगळीकडे होतं. ‘मन रमवा’, ‘हातात एवढी कला आहे, तुम्हाला कसलं नैराश्य’, ‘जरा घाटावर जाऊन बसा, बरं वाटेल’. म्हणजे आजाराने जी गोष्ट हिरावून नेली होती, नेमकी तीच आम्ही औषध म्हणून सांगत होतो. घरी नवा इझल आला. तो प्रेमानेच आणलेला होता. पण सर खोलीत शिरताना त्याच्याकडे पाठ करून शिरू लागले आणि शेवटी काकूंनी तो माळ्यावर टाकला.

अनिल अवचटांचं ‘छंदांविषयी’ हे पुस्तक मला फार आवडतं. ओरिगामी, बासरी, लाकडातलं कोरीवकाम, चित्रं, एका माणसाच्या हातांना किती गोष्टींची भूक असू शकते, ते त्यात दिसतं. अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हा व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या रिकाम्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यासमोर रोज उभा होता. पण ते पुस्तक ज्याला भूक आहे त्याच्यासाठी आहे. भूकच गेलेल्या माणसाला ते भेट देऊ नये. त्याला ते वाचून इतकंच कळतं की जगात बाकी सगळे जिवंत आहेत.

अलीकडे वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती: छंद असलेल्यांना नैराश्य कमी. ती २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासावरची होती. १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३,२६३ लोकांची माहिती त्यात तपासली होती. छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त, असं त्यात दिसलं. अभ्यास चांगला आहे. पण बातमी वाचणारा लगेच म्हणतो, बघा, छंद ठेवला असता तर ही वेळ आली नसती. अहो, नैराश्य आलं की छंद सुटतो, ही बाजूही तितकीच खरी आहे. सरांनी चित्रकला पन्नास वर्षं जिवापाड जपली होती. तरी आजार आला. त्याचा दोष त्यांच्या माथी मारायचं काही कारण नाही.

या ठिकाणी कुणीतरी कुमार गंधर्वांचं उदाहरण हमखास देतं. क्षयाने आजारी पडून ते देवासला गेले, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, काही वर्षं ते अंथरुणावर होते आणि तिथे पडल्यापडल्या माळव्याची लोकगीतं ऐकत त्यांनी पुढच्या गाण्याची बांधणी केली. या गोष्टीने कुणाचंही मन भरून येईल. पण आपल्या विषयाला ती लागू पडत नाही. कुमारांचं गाणं बंद होतं, गाण्याची ओढ शाबूत होती. गळा थांबला होता आणि कान काम करत होते. नैराश्यात नेमकं उलटं होतं. गळा ठीक असतो, बोटं ठीक असतात, ब्रश हाताशी असतो आणि ओढ नसते. म्हणून ‘त्यांनी जिद्दीने करून दाखवलं, तुम्हीही करा’ हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जिद्द ज्यातून उगवते तीच जमीन इथे नापीक झालेली असते.

मग ही ओढ म्हणजे असतं तरी काय? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केले. मेंदूतलं डोपामिन हे द्रव्य जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर समोर अन्न असूनही त्याकडे जात नसत. त्यांना भरवावं लागे, नाहीतर ते उपाशी मेले असते. पण गोड पाण्याचा थेंब त्यांच्या तोंडात सोडला की हेच उंदीर इतर उंदरांसारखेच जिभल्या चाटत. म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं, या मेंदूच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक बंद पडली तरी दुसरी चालू असू शकते. उंदराचा मेंदू म्हणजे माणसाचं मन नव्हे आणि माणसाचं नैराश्य एका द्रव्याच्या कमतरतेत मावत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हा प्रयोग वाचला तेव्हा सरांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. घाटावर जावंसं वाटत नाही, म्हणून घाटावर गेल्यावरही काही वाटणार नाही, असं सर धरून चालले होते आणि आम्हीही. ते तसंच असेल असं नाही.

आता थोडं दूर जाऊ. आगरकर आपल्याच जिल्ह्याचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांच्या विचारांवर ज्या दोन इंग्रज लेखकांचा मोठा ठसा होता त्यांतला एक जॉन स्टुअर्ट मिल. ज्या ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केलं, तिच्याच लंडनच्या कचेरीत हा मिल नोकरीला होता. त्याची ग्रंथसंपदा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून वाचली जाते. १८७३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात एक प्रकरण त्याच्या मनाच्या दुखण्याविषयी आहे, त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

मिलला बापाने तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवलं होतं. तर्क, अर्थशास्त्र, इतिहास, सगळं कोवळ्या वयात कोंबलं होतं. १८२६ च्या शरद ऋतूत, विसाव्या वर्षी, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला: समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून तू जगतोस त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर तुला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. त्या उत्तराबरोबर सगळा डोलारा खाली आला. तो पुढे सांगतो की त्या काळात त्याचं काम थांबलं नाही. सवयीच्या जोरावर यंत्रासारखं चालू राहिलं. वादसभेत भाषणंही केली, पण ती कशी झाली याची त्याला नंतर आठवण नव्हती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट त्याच्या संगीताची आहे. कलांमध्ये लहानपणापासून त्याला मनापासून आवडणारी एकच कला होती, ती संगीत. या काळात त्याने तिचा आधार घेऊन पाहिला, पण काही झालं नाही. पुढे मन जरा सावरू लागलं तेव्हा संगीतातला आनंद परत आला, आणि त्याच्या मागोमाग एक विलक्षण चिंताही आली. सप्तकात स्वर मोजकेच, त्यांच्या रचना मोजक्याच, त्यातल्या सुंदर रचना तर आणखी मोजक्या. मग एक दिवस सगळं संगीत वापरून संपेल! आपल्याकडे सात स्वरांत पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल. पण हसू नका. नैराश्य असंच बोलतं. ते रडत-ओरडत येत नाही, मुद्देसूद येतं. सरही मला एकदा शांतपणे समजावून सांगत होते की घाटाची जेवढी चित्रं काढण्यासारखी होती तेवढी सगळी काढून झाली आहेत. त्या बोलण्यातली चूक मला दाखवता आली नाही, कारण ते बोलणं तर्काचं नव्हतंच, ते आजाराचं होतं. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मिल बाहेर कसा आला? मार्मोन्तेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना एक प्रसंग आला. बाप मरतो आणि लहान मुलगा ठरवतो की आता घरच्यांचा आधार मीच होणार. ते वाचून मिलच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण अगदीच लाकूड झालेलो नाही, हे त्याला त्या पाण्याने कळलं. मग हळूहळू ऊन, आकाश, पुस्तकं, गप्पा यांत थोडं थोडं सुख वाटू लागलं. १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थची कविता हाती आली, तिने पुष्कळ आधार दिला. मात्र दुखणं उलटलंही. पुन्हा पुन्हा उलटलं, कधी काही महिने टिकलं, पण पहिल्याइतकं खोल गेलं नाही. या सगळ्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला मोलाचा वाटतो: सुखाकडे टक लावून बसलं की सुख सापडत नाही, दुसऱ्या कशात तरी गुंतलेलं असताना ते वाटेत भेटतं.

मिलला हे स्वतःच्या अनुभवातून कळलं. पुढे दीडेकशे वर्षांनी मानसशास्त्रज्ञांनी त्याची पद्धत बसवली. ओरेगन विद्यापीठातल्या पीटर लुइन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की नैराश्यात माणूस सुखद गोष्टींपासून दूर जातो, दूर गेल्याने नैराश्य वाढतं आणि वाढलेल्या नैराश्याने तो आणखी दूर जातो. हे चक्र तोडायचं तर कृतीच्या बाजूने तोडावं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा ३२० लहानमोठ्या सुखद गोष्टींची यादी केली होती. नंतर १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने दाखवलं की विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराने जेवढा गुण येतो, जवळपास तेवढाच नुसत्या या कृतीच्या भागानेही येतो. या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. मनाची वाट न पाहता वेळापत्रकाप्रमाणे लहान कृती करायची, काय वाटलं ते टिपून ठेवायचं आणि पुढची कृती ठरवायची, एवढाच तिचा गाभा आहे.

या पद्धतीची एक मोठी परीक्षा आपल्या शेजारी झाली, गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ स्त्रीपुरुष त्यात होते. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचं आधीचं कुठलंही शिक्षण नसलेले, त्याच भागातले, कोंकणी-मराठी बोलणारे साधे लोक होते. त्यांना प्रशिक्षण दिलं होतं. ते सहा ते आठ वेळा भेटत, दर वेळी अर्धा-पाऊण तास, कधी केंद्रात, कधी रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यांच्यातले ६४ टक्के आजाराच्या बाहेर आले होते. ज्यांना केवळ केंद्रातल्या डॉक्टरांचे सुधारलेले नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षानंतरही बराचसा फायदा टिकून होता.

या आकड्यांत मला दोन गोष्टी दिसतात. समुपदेशन मिळूनही तिसरा हिस्सा लोक तीन महिन्यांत बरे झाले नव्हते. त्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही, त्यांना पुढचे उपचार हवेत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, या उपचाराला फार मोठी विद्वत्ता लागली नाही. शिकवलेला, विश्वासाचा, ठरल्या वेळी येणारा माणूस लागला. असा माणूस वाईच्या प्रत्येक आळीत निघेल.

सरांच्या बाबतीत काय घडलं ते आता सांगतो. उपचार सुरू झाले. औषधांनी गुण यायला काही आठवडे लागतात, तसे लागले. आधी झोप आली, मग जेवण सुधारलं, मग आवाजात थोडा जोर आला. घरच्यांना वाटलं, आता चित्र येणार. ते आलं नाही. रस हा पुष्कळांच्या बाबतीत सर्वांत शेवटी परततो, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर घरातली बरीच घालमेल टळली असती. पुढे समुपदेशक बाईंनी सरांना विचारलं, चित्र काढण्यातलं सगळ्यांत लहान काम कोणतं? सर म्हणाले, पाणी भरणं. मग तेवढंच ठरलं. संध्याकाळी मी त्यांना न्यायला जायचं, त्यांनी घाटावर येऊन डब्यात पाणी भरून घ्यायचं, थोडं बसायचं, पाणी ओतून द्यायचं आणि घरी यायचं. कागद न्यायचा नाही.

पावसाळा संपता संपता आम्ही सुरुवात केली. कित्येक संध्याकाळी आम्ही काहीच बोललो नाही. नंतर त्यांनीच शाळेची चौकटीची वही आणि फोर-बी पेन्सिल घेतली आणि पायऱ्यांच्या नुसत्या आडव्या रेघा ओढायला लागले. बरं वाटतंय का, असं मी विचारत नसे. समुपदेशक बाईंनी तसं बजावलं होतं. तो प्रश्न ऐकला की माणूस हातातलं काम सोडून स्वतःची नाडी बघायला लागतो. त्यांच्या वहीतल्या त्या काळच्या नोंदी काकूंनी मला दाखवल्या आहेत. ‘गेलो. काही वाटलं नाही.’ ‘गेलो. काही वाटलं नाही.’ पानंच्या पानं असं आहे. हाताने काम चालू होतं आणि मन आलेलं नव्हतं. ज्याला हे ओझं वाहावं लागलं नाही, त्याला या दोन वाक्यांमागची मेहनत कळणार नाही. सरांच्या सगळ्या चित्रांपेक्षा मला त्या नोंदींचा आदर जास्त वाटतो.

संक्रांत झाली. कृष्णाबाईच्या उत्सवाचे मांडव घाटांवर पडायला लागले. मी माझं चित्र करत होतो, सर शेजारी रेघा ओढत होते. अचानक त्यांनी माझा कागद ओढून घेतला आणि चिडून म्हणाले, “दगडाला ट्यूबमधला काळा लावलास? हे शिकवलं मी तुला?” अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करायचा, काळी ट्यूब वापरायची नाही, हा त्यांचा वर्गातला दंडक होता. ते बराच वेळ रागावून बोलत होते. मला आनंद लपवता येईना. परतणारा रस हसतमुख येईल, अशी आपली समजूत असते. मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, तो पुष्कळदा चिकित्सक होऊन, नापसंती घेऊन येतो. वरणात मीठ कमी आहे, तबल्याची पट्टी उतरली आहे, त्या चित्रातली सावली चुकली आहे. इतके दिवस ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्या माणसाने अशी तक्रार केली, तर घरच्यांनी त्याला गप्प करू नये. त्याला पुन्हा फरक पडू लागला आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ तुम्ही पाहिला असेल. २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. डॉ. मोहन आगाशे त्याचे एक निर्माते, ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. स्वतः नैराश्यातून गेलेली एक बाई आत्महत्येच्या उंबरठ्यावरून आलेल्या तरुणाला घरी ठेवून घेते, तू कोण, काय झालं, असं विचारत नाही. समुद्रकिनारी कासवांची अंडी जपण्याचं काम तिथे चालू असतं, तो त्याच्या आसपास राहतो. ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांनी तो चित्रपट आवर्जून पाहावा. न विचारता सोबत कशी करायची, हे इतकं नेमकेपणाने मराठीत दुसरीकडे कुठे आलेलं मला माहीत नाही.

रंग पुढे आले. वाळलेल्या ट्यूब कापून सरांनी पाण्याने पुन्हा चालू केल्या, नवे आणू दिले नाहीत. सगळं मात्र परत आलं नाही. पूर्ण कागदावरचं मोठं चित्र त्यांनी नंतर कधी केलं नाही. पोस्टकार्डाएवढी चित्रं करत. त्यांचं प्रदर्शन भरवावं, असं आम्हा विद्यार्थ्यांना फार वाटलं, तेव्हा काकूंनी ठाम नकार दिला. त्यांचं बरोबर होतं. नुकत्याच परतलेल्या छंदावर कौतुकाचा भार टाकला की तो कर्तव्य होऊन बसतो आणि कर्तव्यं तर सरांनी आजारातही पार पाडलीच होती. आज मोबाइलवर प्रत्येक रेघ लोकांना दाखवण्याची सोय आहे. सावरणाऱ्या माणसाने काही काळ तरी तिच्यापासून दूर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुखणं पुढे एकदा उलटलंही. त्या वेळी मात्र पाण्याचा डबा कुठे आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि डॉक्टरांकडे जायला वेळ लागला नाही.

शेवटी काही गोष्टी हात जोडून सांगतो. छंद हा उपचाराच्या जोडीला आहे, उपचाराच्या जागी नाही. चालू औषध मनाने बंद करू नका. औषधाने मन बधिर झाल्यासारखं वाटत असेल तर तेही डॉक्टरांनाच सांगा, त्यांच्याकडे दुसरे मार्ग असतात. घरातलं कुणी मरणाची भाषा करत असेल तर ती नाटकं समजू नका, त्याच दिवशी मदत घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात हे उपचार मिळतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, मराठीतून बोलता येतं. हा आकडा घरी गेल्यावर फ्रिजवर किंवा देवघराजवळ लिहून ठेवा.

आणि एक निमंत्रण आहे. सरांचे आम्ही काही विद्यार्थी उद्यापासून रोज सकाळी सात वाजता गणपतीच्या घाटावर बसणार आहोत. कागद, पेन्सिल आणि पाण्याचे डबे आम्ही आणू. चित्र काढता आलं पाहिजे, अशी अट नाही. काढावंसं वाटलं पाहिजे, अशीही नाही. तुमच्या घरात कुणी असेल तर त्याला नुसतं ‘जा’ म्हणू नका, त्याच्याबरोबर तुम्हीही या.